मूठ, पोळी, भाकरी आणि परड्यातले फळ

१

ज्येष्ठातल्या पहिल्या दोन-चार पावसांनंतर कोल्हापुरातल्या ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्क या वसाहतींतील जुन्या बंगल्यांच्या कुंपणाकडेने जो कोणी पायी जाईल, त्याला रस्त्याचा बराचसा भाग जांभळाच्या रसाने माखलेला आढळेल. आणि हे फळ कोणाच्या मुखात न पडता केवळ गळले व वाहनांच्या चाकांखाली चिरडले गेले, हे ध्यानात येताच, त्याच शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या व्हरांड्यात आजारी माणसाच्या उशाशी दिवस काढणारा खेड्यातला नातेवाईक फाटकाबाहेरच्या फळगाडीवर भाव विचारून रिकाम्या हाताने परततो, हेही त्याला आठवल्यावाचून राहणार नाही. या दोन ठिकाणांमधले अंतर पायी चालणाऱ्यालाही फारसे वाटू नये इतके थोडे. परंतु ते ओलांडण्याची तजवीज कोणी केलेली नसल्यामुळे एकीकडचे आधिक्य आणि दुसरीकडची उणीव वर्षानुवर्षे एकमेकींना न भेटता नांदत आली आहेत.

परड्यातल्या झाडाचा स्वभावच असा, की ते मालकाच्या भुकेचा हिशेब ठेवीत नाही. वर्षाचे अकरा महिने मुकाट्याने सावली देणारे झाड बाराव्या महिन्यात, पंधरवड्याच्या आत, एवढे देऊन टाकते की चार माणसांच्या घराला ते खाऊन संपवणे अशक्य व्हावे. आणि आता तर त्या बंगल्यांतून बहुधा दोन वृद्ध जीवच राहत असून मुले पुण्याला, बंगळूरला किंवा त्याहूनही दूर गेलेली असतात. माघ-फाल्गुनात शेवग्याच्या शेंगांचे भारे, चैत्र-वैशाखात कैऱ्या, भुदरगड-आजऱ्याकडच्या घरांमागचे फणस, बांधावरचा रायवळ आंबा, दिवाळीच्या सुमारास पेरू आणि सीताफळे, आणि जवळजवळ बारमाही लिंबू, पपई, कढीपत्ता, अळू: ही जमेची बाजू कोणत्याही दप्तरात लिहिलेली नाही, कारण तिला बाजार नाही.

पूर्वी या आधिक्याची विल्हेवाट लावण्याचा एक सर्वमान्य शिरस्ता होता आणि तो म्हणजे वानवळा. परड्यातले पहिले फळ देवापुढे ठेवल्यावर उरलेले शेजारणीकडे, लेकीच्या सासरी, शाळामास्तरांच्या घरी पोचते करावे आणि टोपली रिकामी परत येऊ नये म्हणून पलीकडच्या गृहिणीने तीत आपल्या घरचे काहीतरी घालावे, असा तो देवघेवीचा सुसंस्कृत परिपाठ होता. वानवळ्याचे सौंदर्य ओळखीत होते आणि त्याची मर्यादाही तीच होती. जो परिचित आहे, ज्याच्या घरचा उंबरा आपण ओलांडलेला आहे, त्याच्याकडेच वानवळा जातो. ज्याला गरज आहे परंतु ओळख नाही, त्याच्यापर्यंत तो स्वतःहून कधीच पोचत नाही. देणारा आणि घेणारा एकमेकांना अनोळखी असतील, तर त्या दोघांच्या मध्ये कोणीतरी तिसरा उभा राहावा लागतो. हा तिसरा माणूस कोण, तो कसा तयार होतो आणि कोल्हापूरने त्याला आजवर किती वेळा घडवले, याची ही कैफियत आहे.

२

शेतात, वाटेवर सांडलेले धान्य वेचून त्यावर निर्वाह करण्याची वृत्ती आपल्या परंपरेने हीन तर मानली नाहीच, उलट तिला तपश्चर्येची प्रतिष्ठा दिली. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात युधिष्ठिराच्या यज्ञमंडपात येऊन लोळणाऱ्या, अर्धे अंग सोन्याचे झालेल्या मुंगुसाची जी कथा येते, तिच्यात त्या मुंगुसाचे अर्धे अंग सुवर्णमय झाले ते राजाच्या यज्ञात नव्हे. कुरुक्षेत्रावर दाणे वेचून जगणाऱ्या एका ब्राह्मण कुटुंबाने दुष्काळात आपल्या वाट्याचे सातूचे पीठ अतिथीला दिले, तेथे सांडलेल्या कणांत ते लोळले होते म्हणून. आपल्याकडच्या शेतकऱ्यानेही पीक काढून नेल्यावर शेतात उरलेला सरवा वेचण्यास गोरगरिबांना बहुधा मज्जाव केला नाही, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, हा गावगाड्याचा अलिखित कायदा होता. मात्र या सर्व व्यवस्थांत वेचणारा हा स्वतःच गरजू असे; त्याला खळ्यावर यावे लागे, उभे राहावे लागे आणि आपली गरज चारचौघांत दाखवावी लागे.

दुसऱ्यासाठी वेचण्याची कल्पना संस्थेच्या रूपाने जगात रूढ झाली ती अलीकडे, आणि तिचा उगम योगायोगाने परसातल्या फळझाडांपाशीच सापडतो. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतातील फिनिक्स हे वाळवंटाच्या काठचे शहर असले तरी तेथील घरांच्या आवारांत संत्री, लिंबू, पपनस यांची झाडे विपुल. आणि १९६० नंतरच्या दशकात गरिबांसाठी चालणाऱ्या एका भोजनगृहात सेवा करणाऱ्या जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांना असे आढळले, की ही फळे झाडाखाली कुजत असता भोजनगृहाच्या पानात मात्र फळाचा मागमूस नाही. त्यांनी फळे उतरवून आणण्यास प्रारंभ केला आणि ती भोजनगृहाच्या गरजेहून अधिक झाली, तेव्हा इतर संस्थांनाही देऊ लागले. पुढे, दुकानांमागच्या कचऱ्यातले चांगले अन्न वेचून मुलांना वाढवणाऱ्या एका मातेने त्यांना सुचवले, की जेथे अन्न ठेवता येईल आणि लागेल तेव्हा काढता येईल, अशी एखादी पेढी असावी. सेंट मेरीज या चर्चने एक ओस पडलेली इमारत आणि तीन हजार डॉलर दिले, आणि १९६७ मध्ये जगातली पहिली अन्नपेढी उभी राहिली. आपल्याकडे मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ च्या सुमारास चालू केलेली रोटी बँक किंवा माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी दोनेक वर्षांनी उभारलेली त्याच नावाची संस्था, ही त्याच कुळातली. तरी या इतिहासातली लक्षणीय गोष्ट इमारत किंवा पैसा नव्हे. एक माणूस शिडी घेऊन अनोळखी घरांच्या दारांपाशी गेला आणि त्याने फळे मागितली, ही आहे.

३

दारोदार जाऊन मागण्याचे, आणि तेही स्वतःसाठी नव्हे, असे शास्त्र कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या एका पुरुषाने फिनिक्सच्या कितीतरी आधी सिद्ध केले होते. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोज या गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापुरास आले ते राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत. १८९६-९७ च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने उघडून आणि निराधारांसाठी आश्रम काढून ज्या संस्थानाने अन्नाचा प्रश्न दरबारी कर्तव्याच्या यादीत घातला होता, त्याच संस्थानात १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे निघत गेली. प्रारंभ मराठा आणि जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांनी झाला, पुढे मुसलमान, लिंगायत आणि इतर समाजांची निघाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, आणि कोल्हापूर हे विद्यार्थी-वसतिगृहांचे माहेरघर म्हणून ओळखले जाऊ लागले. जैन वसतिगृहात राहणाऱ्या भाऊरावांनी या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे नाकारले आणि त्यांना आपले बिऱ्हाड हलवावे लागले, ही हकिगत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. वसतिगृह म्हणजे केवळ छप्पर नव्हे, एका पंक्तीत पडणारे अन्न हाच त्याचा पाया आहे, हा धडा बहुधा येथेच त्यांच्या मनावर ठसला असावा.

१९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले, ज्यास १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु दागिने एकदाच मोडता येतात आणि भूक दररोज लागते. त्या दररोजच्या भुकेसाठी जी व्यवस्था उभी राहिली ती मुष्टिफंडाची. गृहिणीने स्वयंपाकासाठी धान्य काढताना त्यातले मूठभर एका वेगळ्या भांड्यात टाकायचे आणि ते जमले, की संस्थेच्या माणसांनी घरोघर फिरून गोळा करायचे, इतकीच ती सोपी योजना.

या साधेपणात किती हिशेब दडलेला आहे, हे आकडे मांडून पाहिल्याशिवाय कळत नाही. मुठीत चार तोळे धान्य मावते असे धरले, तर एका घराची वर्षाची देणगी सुमारे सतरा किलो होते. आणि वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे मानले, तर अकरा घरांनी मिळून एक विद्यार्थी वर्षभर पोसला. अकरापैकी एकाही घराला आपण काही दिले असे जाणवत नाही, कारण मूठभर ज्वारीने कोणाची भाकरी लहान होत नाही. जाणवते ते फक्त गोळा करणाऱ्याच्या खांद्याला. मुष्टिफंडाचे खरे भांडवल दात्याचे औदार्य नव्हते. नेमाने दारात येणाऱ्या पावलांवर तो उभा होता. जमा करणारा एक महिना चुकला, की भांडे भरून वाहते, गृहिणी ते परत डब्यात ओतते आणि फंड तेथेच संपतो.

नेमाने ने-आण करणाऱ्याचे हे माहात्म्य कोल्हापूरच्या दुसऱ्याही एका व्यवस्थेत दिसत आले. चंदगड, गडहिंग्लज, राधानगरी, शाहूवाडी या तालुक्यांतून शिकण्यासाठी शहरात आलेल्या मुलांसाठी आईने पहाटे बांधलेला भाकरीचा डबा एस.टी.च्या गाडीतून येई. गावच्या थांब्यावर तो चालक-वाहकाच्या हवाली होई आणि शहरातल्या स्थानकावर मुलगा तो उतरवून घेई. या ने-आणीने कित्येक पदव्या पदरात पाडल्या आहेत. येथेही अन्न होतेच, माया होतीच. गाडी ठरल्या वेळी येत होती म्हणून त्या दोहोंना अर्थ आला.

४

धान्याचा एक मोठा गुण असा, की ते थांबते. महिनाभर भांड्यात पडून राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही आणि गोळा करणाऱ्याला सवड मिळते. शिजवलेल्या अन्नाला ही सवड नाही. म्हणून फाल्गुनी पौर्णिमेच्या संध्याकाळी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जे काम करतात ते मुष्टिफंडाहून एका पायरीने अवघड आहे. ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ ही त्यांची मोहीम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालते आणि पुरोगामी चळवळींचे गाव म्हणवणाऱ्या कोल्हापुरात तिला विशेष अनुकूल भूमी लाभली. होळीला नैवेद्य म्हणून घराघरांतून येणाऱ्या पुरणपोळ्या अग्नीत पडण्याऐवजी कार्यकर्त्यांजवळ द्याव्यात आणि त्यांनी त्या झोपडपट्ट्यांत, पालांवर, मजुरांच्या वस्त्यांवर पोचवाव्यात, असे तिचे स्वरूप आहे.

या मोहिमेच्या शब्दयोजनेत कमालीचे शहाणपण आहे. होळी करू नका, असे ती म्हणत नाही. लहान करा, म्हणते. नैवेद्याची कल्पना खोटी आहे, असा वाद ती चौकात घालत नाही. नैवेद्याचा मार्ग तेवढा बदलते. वादविवादाची मुळीच भीती न बाळगणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या या संघटनेने येथे मात्र गृहिणीच्या ताटाशी भांडण टाळले. कारण तिच्या हातातली पोळी मिळवायची असेल, तर तिची श्रद्धा दुखावून ती मिळणार नाही, हे व्यावहारिक सत्य संघटनेने ओळखले. सगळा व्यवहार दोन-तीन तासांत उरकावा लागतो. अंधार पडता पडता होळ्या पेटतात, पोळी तेव्हाच दारातून बाहेर पडते. आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पुरण आंबण्यापूर्वी ती खाणाऱ्याच्या हातात पडावी लागते. म्हणून प्रत्येक होळीपाशी माणूस हवा, त्या माणसाजवळ पोळ्या ठेवण्यास स्वच्छ खोके हवे, खोके उचलण्यास वाहन हवे, आणि ज्या वस्तीवर जायचे तेथे किती कुटुंबे आहेत याची आगाऊ नोंद हवी. यातला एक दुवा निसटला, की दानाचे रूपांतर कचऱ्यात होते.

कोल्हापूरकरांनी या कल्पनेला आपल्या मातीतली आणखी एक जोड दिली. होळीत जाळण्यासाठी जमवलेल्या शेणी पंचगंगेच्या स्मशानभूमीस द्याव्यात, असे आवाहन होऊ लागले. कारण महानगरपालिका तेथे अंत्यसंस्कार विनामूल्य करते आणि त्यासाठी शेणींची निकड सदैव असते. कोरोनाच्या साथीत ही निकड किती भयानक झाली होती, हे त्या काळात नदीकाठी गेलेला कोणी विसरणार नाही. तालमी, मंडळे, शाळा, कुटुंबे यांनी दिलेल्या शेणींच्या राशी स्मशानभूमीत येऊन पडतात, आणि ज्याच्या घरी सरणाला पैसे नाहीत त्याचाही शेवट सन्मानाने होतो. पोळीच्या जोडीला शेणी ठेवण्याचे कारण एवढेच, की एकदा दारावरून गोळा करण्याची सवय गावाला लागली, म्हणजे ती एका वस्तूपुरती राहत नाही.

५

सणाला तिथी असते, पुराला नसते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे येथल्या लहान मुलांनाही पाठ आहेत. आणि २००५, २०१९, २०२१ या तीन वर्षी नदीने धोक्याची रेषा मागे टाकून प्रयाग चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडी, कुरुंदवाडपर्यंतच्या वस्त्या पाण्याखाली घातल्या. शाळा, मंगल कार्यालये, देवळांचे सभामंडप यांतून हजारो माणसे आणि त्यांची गुरे येऊन राहिली. अशा वेळी सरकारी रसद ही नियमाने येणारी गोष्ट असली तरी तिला कागद लागतो, टेंपो लागतो, रस्ता लागतो. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तर शिरोलीपाशी पाणी चढल्यामुळे पुणे-बंगळूर महामार्गच कित्येक दिवस बंद पडला होता आणि मालमोटारींच्या रांगा दोन्ही बाजूंना खोळंबल्या होत्या.

त्या दिवसांत पूरग्रस्तांच्या पानात जी पहिली भाकरी पडली, ती माळावरच्या कोरड्या गावांनी धाडलेली होती. गावच्या देवळावरच्या ध्वनिक्षेपकावरून पुकारा होई, दर घरटी किती भाकऱ्या ते ठरे, पाटीवर फडके अंथरून तरुण मुले गल्लीगल्लीतून फिरत, आणि भाकऱ्यांच्या चवडी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, कांदे असे सारे मिळेल त्या वाहनाने निघे. सोलापूरकडची कडक भाकरी, जी पुष्कळ दिवस टिकते, तीही या वाटेने येऊन पोचली. भाकरीच का, याचे उत्तर ज्याने तिचा सहवास केला आहे त्याला सांगावे लागत नाही: ती घडीभरात तयार होते, तिला ताट लागत नाही, चमचा लागत नाही, ती ओली नसल्यामुळे वाटेत सांडत नाही, आणि चटणीबरोबर दुसऱ्या दिवशीही खाता येते. दात्याच्या सोयीपेक्षा घेणाऱ्याच्या स्थितीला जुळणारे अन्न, अशी तिची व्याख्या करता येईल.

याच महापुरात उलट बाजूचा धडाही मिळाला. दूरवरून, अंतःकरणपूर्वक, परंतु कोणाला काय हवे याची चौकशी न करता आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग ठिकठिकाणी पडून राहिले आणि पाणी ओसरल्यावर ते हलवणे हेच एक काम होऊन बसले. जे आपल्याला नको झाले ते दुसऱ्याला हवेच असेल, हा समज दानाच्या इतिहासातला सर्वांत जुना आणि सर्वांत घातक भ्रम आहे. उरलेल्या वस्तूला किंमत येते ती मधल्या माणसाने दोन्ही बाजूंना विचारल्यावर. नुसती इकडून तिकडे टाकल्याने ती फक्त जागा बदलते.

६

या तिन्ही व्यवस्था शेजारी ठेवल्या, की परड्यातले फळ आजवर का मागे राहिले, याचा उलगडा होऊ लागतो. मूठभर धान्य महिनाभर थांबते, पोळी एका रात्रीपुरती थांबते, भाकरी दोन दिवस थांबते आणि तिला पुराची निकड पुढे ढकलते. पिकलेले जांभूळ मात्र संध्याकाळपर्यंतही धीर धरीत नाही, आणि त्याच्यामागे ना सणाची तिथी, ना आपत्तीचा पुकारा. लुधियानाच्या केंद्रीय कापणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये देशभरच्या नासाडीचे जे मोजमाप प्रसिद्ध केले, त्यात फळांपैकी सर्वांत अधिक नुकसान पेरूचे, म्हणजे सुमारे १५.८८ टक्के निघाले; आणि हा हिशेब व्यापारी पिकाचा आहे. ज्या पेरूला कोणी विकायलाही नेत नाही, त्याच्या नासाडीची नोंद तर कुठेच होत नाही.

शिवाय फळ दारात येत नाही, ते उतरवावे लागते. जांभळीचे आणि शेवग्याचे लाकूड ठिसूळ. फांदीवर भार टाकून चढणाऱ्याचे हातपाय मोडल्याची उदाहरणे गावोगाव सापडतात. कैरीसाठी झेला हवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने देठासकट आंबा उतरवणारा ‘नूतन’ झेला प्रचारात आणला त्याला बरीच वर्षे झाली, परंतु तो बागाईतदाराच्या घरी असतो, बंगल्यातल्या आजीआजोबांच्या नव्हे. म्हणजे देण्याची इच्छा असलेल्याजवळ उतरवण्याची शक्ती नाही, आणि शक्ती असलेल्या तरुणाला त्या कुंपणाच्या आत जाण्याचा अधिकार नाही. तो आत शिरला तर आजवर त्याला चोर म्हणण्याचीच रीत आहे.

कॅनडातील टोरांटो शहरात २००८ मध्ये ‘नॉट फार फ्रॉम द ट्री’ या नावाने जी स्वयंसेवी व्यवस्था चालू झाली, तिने या अडचणीवर काढलेला तोडगा आपल्या शेतकऱ्याला ऐकताक्षणी समजेल. उतरलेल्या फळांचे तीन वाटे: एक मालकाचा, एक उतरवणाऱ्यांचा, आणि तिसरा गरजूंच्या भोजनगृहांचा. अर्धेलीने जमीन कसणाऱ्या आणि खळ्यावर पेंढ्यांची वाटणी पिढ्यानपिढ्या पाहिलेल्या मुलखाला यात नवे काही नाही. नवे आहे ते तिसऱ्या वाट्याचे नाव. मालकाला आपला वाटा मिळतो म्हणून तो बोलावतो, तरुणाला मिळतो म्हणून तो शिडी धरतो, आणि त्या दोघांच्या स्वार्थाच्या आधाराने तिसरा वाटा निर्वेधपणे निघतो. परोपकाराला स्वार्थाचा थोडा टेकू दिला तर तो अधिक दिवस उभा राहतो, हे कबूल करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. रयत शिक्षण संस्थेच्या मुलांनीही मुष्टिफंडाचे अन्न फुकट खाल्ले नाही, त्यांनी त्यासाठी अंगमेहनतीची कामे केली, आणि ‘स्वावलंबी शिक्षण’ हे ब्रीद तेव्हाच खरे ठरले.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. उरलेसुरले वाटल्याने गरिबी हटत नाही, आणि अन्न हा हक्क असता त्याला दानाच्या पायरीवर का उतरवावे, असे कोणी विचारील तर त्याचे म्हणणे बिनतोड आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क कागदावर आणला. पात्र कुटुंबातील माणशी पाच किलो धान्य शिधापत्रिकेवर मिळू लागले आणि २०२३ पासून ते विनामूल्य झाले. त्या हक्काच्या जागी पेरूची टोपली ठेवावी, असे सुचवणे हा अविचार होय. परंतु ती शिधापत्रिका नीट वाचली तर तिच्यात तांदूळ आहे, गहू आहे. भाजी नाही, फळ नाही, लिंबू नाही. सरकारी धान्याने पोट भरते आणि पानाचा उरलेला अर्धा भाग रिकामाच राहतो. नेमकी तीच उणी बाजू परड्यात उगवते. शासनाच्या ‘उमेद’ अभियानाने खेड्यांतल्या स्त्रियांच्या गटांकडून ‘माझी पोषण परसबाग’ लावून घेण्याची मोहीम काढली, तिचे मर्म हेच होते. शहरातली जुनी झाडे मात्र कोणत्याही मोहिमेवाचून केव्हाच फळाला आलेली आहेत.

कायद्याची अडचणही फारशी उरलेली नाही. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये अतिरिक्त अन्नाच्या संकलन-वितरणाचे विनियम काढून देणाऱ्याची आणि वाटणाऱ्याची जबाबदारी स्पष्ट केली. आणि शिजवलेल्या अन्नाला विषबाधेचे जे भय असते ते न कापलेल्या फळाला नाही; किडके निवडून टाकले आणि स्वच्छ पाण्याने धुतले, की काम झाले.

७

मग अडते कोठे? अडते ते त्या तिसऱ्या माणसापाशी. आणि या बाबतीत कोल्हापूर इतर शहरांहून अधिक भाग्यवान आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावे बाहेरच्या माणसाला फुटबॉलच्या मैदानावरून ठाऊक असतात. गावच्या माणसाला ती गणपती, त्र्यंबोलीची यात्रा, पुरातली होडी आणि गल्लीतल्या मयताला लागणारा खांदा, या सगळ्यांवरून ठाऊक असतात. पेठेतल्या प्रत्येक गल्लीला तालीम किंवा मंडळ आहे. आणि दरवर्षी भाद्रपदाच्या आधी याच मंडळांची मुले पावती-पुस्तक घेऊन घरोघर जातात. कोणत्या घरी कोण राहते, कोण किती देते, कोण दुपारी झोपते, कोणाची मुले परदेशी आहेत, हे सारे त्यांना वहीशिवाय तोंडपाठ असते. मुष्टिफंडाला जी दारोदारची ओळख वर्षानुवर्षे घासून मिळवावी लागली, ती येथे वर्गणीच्या निमित्ताने आयती तयार आहे. आणि कुंपणाच्या आत जाण्याचा जो अधिकार अनोळखी तरुणाला नाही, तो गल्लीतल्या ओळखीच्या मुलाला आपोआप आहे.

या मंडळांनी वर्गणीच्या वहीत एक रकाना वाढवावा: घरामागे झाड कोणते आणि ते कोणत्या महिन्यात फळते. एवढ्या नोंदीतून गल्लीचे फळांचे पंचांग तयार होईल. आठवड्यातली एक सकाळ ठरवावी, कारण नेम नसलेले दान टिकत नाही, हे मुष्टिफंडाने शिकवले. वाटे तीन करावेत. ज्यांना द्यायचे त्या संस्थांना, मग ते बालगृह असो, वृद्धाश्रम असो की अंबाबाईच्या देवळाजवळचे अन्नछत्र असो, आधी जाऊन काय हवे आणि किती हवे ते विचारावे, कारण न विचारता आलेल्या ढिगांचे काय होते हे महापुराने शिकवले. आणि मालकाच्या दारात उभे राहताना त्याच्या झाडावरून, देवावरून, स्वभावावरून वाद घालू नये, हे होळीच्या पोळीने शिकवले.

प्रारंभ जांभळाने करू नये. ते नाजूक आहे आणि अननुभवी हातांना निराश करील. माघात शेवग्याला शेंगा धरतील, त्या वजनाला हलक्या, चार दिवस टिकणाऱ्या आणि जमिनीवर उभे राहूनच आकडीच्या काठीने उतरवता येणाऱ्या. आमटीत पडल्या की कोणाला त्या कोठून आल्या हे विचारावेसेही वाटत नाही. जे मंडळ एक हंगाम शेवगा नेमाने पोचवील, त्याला पुढच्या वर्षी कैरीसाठी झेला विकत घेण्यास वर्गणी मागावी लागणार नाही. ती झाडांचे मालकच आणून देतील.